शिशुकथेची वहिवाट

उज्जैन शहराच्या दक्षिणेस, इंदूरकडे जाणाऱ्या सडकेवर, नानाखेडा नावाची जी वस्ती आज बसस्थानकामुळे व क्रीडांगणामुळे प्रवाशांच्या परिचयाची झाली आहे, तिच्यात प्राचीन अवंतिकेचे एकही चिन्ह दृष्टीस पडत नाही. महाकालाचे शिखर, क्षिप्रेचे घाट, बायजाबाई शिंदे यांनी उभारलेले गोपाळमंदिर, ही सारी स्थळे जुन्या शहराकडे राहिली. इकडे आहेत त्या सरळ आखलेल्या वसाहती, दुकाने आणि इंदूरच्या गाडीची वाट पाहणारी माणसे. तथापि कथेचा इतिहास शोधणाऱ्यास ही भूमी परकी नाही. मेघदूतातील यक्ष आपल्या दूताला अवंती देशाची ओळख करून देतो ती तेथील गावोगावच्या वृद्धांवरून, उदयनाच्या कथा सांगण्यात निष्णात असलेल्या वृद्धांवरून. आणि एखाद्या मुलुखाची खूण म्हणून त्याच्या किल्ल्यांऐवजी त्याचे कथेकरी सांगावेत, हा मान कालिदासाने याच परिसराला दिला. त्याच परिसरातील एका उपनगरात आज तीन-चार वर्षांचे मूल सायंकाळी पडद्यापुढे बसून ज्या सौम्य आणि मंदगती चित्रमालिका पाहते, ज्यांत दुष्ट पात्र नसते, शस्त्र नसते, आणि हरवलेले पांघरूण सापडणे किंवा रुसलेला मित्र परत खेळायला येणे एवढेच ज्यांचे कथानक असते, त्या मालिकांच्या कथनाचे नियम आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ सुशिक्षित माणसे ‘परदेशातून’ असे देऊन मोकळी होतात. हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे माझे मत आहे. हे नियम कोणा संशोधकाने मांडण्यापूर्वी आपल्या माजघरात त्यांची वहिवाट होती. ग्रंथाने मात्र त्या वहिवाटीची नोंद आपल्या दप्तरी शतकभर घेतली नाही.

मराठी माणूस माळव्यात स्थिरावला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. १७२८ च्या अमझेऱ्याच्या लढाईनंतर माळव्याचा कारभार हळूहळू मराठ्यांच्या हाती येत गेला. राणोजी शिंदे यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला, आणि १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत हीच नगरी शिंदेशाहीचे केंद्र होती. फौजेबरोबर कारकून आले, फडणीस आले, भिक्षुक आले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या घरची माणसे आली. सनदांत आणि जाबत्यांत पुरुषांची नावे सापडतात. परंतु त्या कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांनी नर्मदा ओलांडताना कोणत्या गोष्टी बरोबर आणल्या, याचा उल्लेख कोणत्याही कागदात असणे शक्य नव्हते, कारण कारभाराच्या दृष्टीने त्या गोष्टींवर ना महसूल बसत होता ना हक्क सांगता येत होता.

उज्जैनच्या नावाशी जोडलेल्या ज्या कथा जगाला ठाऊक आहेत त्या निराळ्या. विक्रमादित्याचे बत्तीस पुतळ्यांचे सिंहासन, स्मशानातून वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा राजा, प्रत्येक कथेच्या अंती विचारलेला पेच आणि उत्तर देताच पुन्हा झाडाला जाऊन लटकणारे ते प्रेत, हे सर्व प्रौढ बुद्धीसाठी रचलेले साहित्य आहे, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की मराठी मुद्रणाच्या अगदी प्रारंभकाळी यंत्रावर चढले ते याच जातीचे साहित्य. तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने १८०६ मध्ये छापले गेले. श्रीरामपूरला वैजनाथ शर्मा यांची ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ मध्ये आणि ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये निघाला. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’, आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ सिद्ध केली. छत्रे यांचे ऋण मराठी गद्यावर फार मोठे आहे आणि ते मान्य केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु या ग्रंथांचा वाचक कोण, हेही पाहिले पाहिजे. श्रीरामपूरची पुस्तके कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांना मराठी शिकविण्यासाठी होती. मुंबईची पुस्तके शाळेत बसलेल्या, अक्षरओळख झालेल्या मुलासाठी होती, आणि त्या मुलाने कथेतून काय घ्यावे हे ‘तात्पर्य’ म्हणून शेवटी बांधून दिले जाई. ज्याला अजून वाचता येत नाही, ज्याला तात्पर्य या शब्दाचा उच्चारही करता येत नाही, असे साडेतीन वर्षांचे मूल त्या दरबारात हजरच नव्हते.

त्याचा दरबार दुसरीकडे, चुलीच्या मागे आणि अंथरुणावर, भरत असे. तेथे जी कथा चालत असे तिचे विधान नीतिकथेहून मूलतः वेगळे होते. चिमणी आणि कावळा यांची गोष्ट घ्या, जी सांगितल्यावाचून एकही मराठी घर राहिले नसेल. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो, आणि चिमणी त्याला पुन्हापुन्हा थांबवून ठेवते. का थांबविते? तर ती बाळाला न्हाऊ घालीत असते, मग अंग पुसत असते, मग आंगडे घालीत असते, मग काजळतीट, मग दूध, मग निजविणे. बाहेर पाऊस आणि दारावर पाहुणा, एवढ्या दोन टोकांमध्ये आजीने जे भरले आहे ते ऐकणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या दिवसाचे इत्थंभूत वर्णन आहे. ज्या बाळाला तीट लागत आहे ते बाळ म्हणजे मीच, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आजच्या उत्तमोत्तम शिशुमालिका पाहिल्या तर त्यांच्या कथानकाचा कणा हाच आढळतो: स्नान, भोजन, खेळ, थोडेसे भांडण, निद्रा. दिनचर्या हेच कथानक, हा शोध कोण्या चित्रशाळेत लागलेला नाही.

दुसरे विधान आवर्तनाचे. चिंधी सापडलेला उंदीर धोब्याकडे जातो, रंगाऱ्याकडे जातो, शिंप्याकडे जातो, आणि प्रत्येकाकडे तेच मागणे त्याच शब्दांत मागतो. शिवून झालेली टोपी राजा हिसकावून घेतो तेव्हा तो भर दरबारात राजालाच चिडवितो, राजा टोपी परत देतो, तरीही उंदराचे चिडविणे थांबत नाही. प्रौढ श्रोत्याला तिसऱ्या फेरीस कंटाळा येईल. मुलाचा आनंद मात्र तिसऱ्या फेरीपासूनच सुरू होतो, कारण आता पुढे काय येणार हे त्याला ठाऊक झालेले असते आणि ते ठाऊक असल्याप्रमाणेच आले, यात त्याला जगाच्या इमानाची खात्री पटते. वेताळाच्या कथेत श्रोता अज्ञाताकडे ओढला जातो, तर शिशुकथेत तो ज्ञाताकडे परततो. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ भेटतो. ती त्याच्याशी झुंजत नाही, मारीत नाही, लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते असे सांगून पुढे जाते आणि परतताना भोपळ्यात बसून निसटते. संकट येते, पण बोलण्याने पुढे ढकलले जाते, आणि शेवटी म्हातारी आपल्या घरी असते. मूल झोपी जाण्यापूर्वी सर्व पात्रे आपापल्या घरी पोहोचलेली असली पाहिजेत, हा या वहिवाटीतील सर्वांत कडक नियम होय.

या कथा सर्वत्र सौम्यच होत्या असे म्हणणे सत्यास सोडून होईल. चिमणीच्या गोष्टीचा एक पाठ असा आहे की अखेर दार उघडल्यावर भिजलेल्या कावळ्याला तापलेल्या तव्यावर किंवा चुलीवर बसावयास सांगितले जाते आणि तो भाजतो. सात शेपट्यांच्या उंदराला शाळेतली मुले चिडवितात म्हणून तो रोज एकेक शेपटी कापून घेतो, आणि शेवटी एकही उरत नाही. परंतु हाच पाठ निरनिराळ्या घरांत निरनिराळा होतो, आणि समोरचे मूल डोळे विस्फारून बसले आहे असे दिसताच आजी तवा बाजूस सारून कावळ्याला चुलीशी ऊब घेऊ देते. मुद्रित ग्रंथाला ही सोय नाही. कथेची सौम्यता ही मजकुरात पूर्वी ठरलेली नसून श्रोत्याकडे पाहून त्या क्षणी ठरते, आणि मला तर आजीच्या कलेतील सर्वश्रेष्ठ गुण हाच वाटतो.

माळव्यात आल्यावर या मराठी वहिवाटीला दोन स्थानिक शिरस्ते येऊन मिळाले, आणि नानाखेड्यासारख्या वस्तीतील ज्या मराठी घरांत आजी किंवा पणजी आहे तेथे ते अद्याप ऐकू येतात. एक असा की दिवसा कथा सांगू नये. सांगितली तर मामा वाट चुकतो. कामाच्या वेळी पोरांनी कथेसाठी पदर ओढू नये म्हणून हा निर्बंध निघाला असेल. पण त्याने कथेला रात्रीची जागा कायमची मुक्रर करून दिली. दुसरा शिरस्ता हुंकाराचा. सांगणाराने वाक्य टाकले की ऐकणाराने ‘हूं’ म्हटलेच पाहिजे. हुंकार आला नाही तर कथा तेथेच थांबते. अंधार झालेला असतो, पांघरुणातून येणारा तो हुंकार प्रथम तत्पर असतो, मग लांबतो, मग दोन वाक्यांतून एकदा येतो, आणि बंद झाला की आजी उंदराला शिंप्याच्या दारात तसाच उभा ठेवून दिवा मालवते. दुसऱ्या रात्री शिंप्यापासून प्रारंभ करावा तर मूल ते चालू देत नाही. त्याला चिंधीपासूनच हवे असते.

माळव्यातील मुलींच्या हाती चित्रांचीही एक मालिका होती, आणि तिचा विचार या प्रकरणी कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. भाद्रपदातील पितृपक्षात येथे संजा मांडतात. भिंतीवर शेणाच्या बारीक वळकट्या बोटांनी दाबून आकृती काढावयाची, तिच्यावर झेंडूच्या, कण्हेरीच्या, गुलबक्षीच्या पाकळ्या चिकटवावयाच्या, सायंकाळी तिच्यापुढे गाणी म्हणावयाची आणि प्रसाद काय आहे तो ओळखावयाचा. प्रत्येक दिवसाची आकृती वेगळी: कधी चंद्रसूर्य, कधी चौपट, कधी शिडी, कालची पुसून आज नवी, आणि अखेरीस मोठा किल्लाकोट, ज्यात आदल्या दिवसांच्या कित्येक आकृती एकत्र येतात. आपल्या भोंडल्यात खिरापत ओळखण्याचा जो खेळ असतो त्याचेच हे भावंड असल्याने मराठी मुलींना संजा परकी वाटली नाही. पंधरवडाभर रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेच पात्र, पण नवीन चित्र, ठरलेले गीत आणि शेवटी ओळखण्यासाठी राखून ठेवलेले काहीतरी: शिशुमालिकेच्या एका भागाची घडण याहून फार निराळी नसते. आता गोवऱ्या आणि शेणाची भिंत दुर्मीळ झाली. छापील कागदाची संजा बाजारात मिळते आणि ती फरसबंदीच्या घरात चिकटविता येते.

ग्रंथाने या वहिवाटीकडे वळून पाहिले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, आणि त्याचे श्रेय मुख्यतः दोन व्यक्तींना आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. तेथे १९२३ मध्ये ताराबाई मोडक येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. दोघांनीही माँटेसोरीबाईंची पद्धत आदराने स्वीकारली. परंतु सहा वर्षांखालील मुलाला कल्पित कथांपासून दूर ठेवण्याकडे जो त्या पद्धतीचा कल होता तो त्यांनी उचलला नाही. गिजुभाईंनी लोकांच्या तोंडच्या कथा जमविल्या, त्या मुलांपुढे सांगून पाहिल्या, आणि कथा सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे केले आणि १९४५ मध्ये बोर्डीस, अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन, ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, जे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या तत्त्वातून अंगणवाडी निघाली हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या अंगणात गेल्यावर प्रथम काय करावयाचे, तर गाणे म्हणावयाचे आणि गोष्ट सांगावयाची. शतकभर माजघरात अडकून पडलेली शिशुकथा अशा रीतीने शिक्षणाच्या अधिकृत जाबत्यात दाखल झाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच की त्यांनी आजीला शिक्षिकेचा दर्जा मिळवून दिला.

चलच्चित्राने मात्र याच वाटेने प्रवेश केला नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून केलेला लघुपट, प्रभात फिल्म कंपनीसाठी रघुनाथ केळकर यांनी १९३४ मध्ये काढलेला ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा व्यंगपट, हे आपल्या लोकांचे पराक्रम आहेत, पण ते सर्वसाधारण प्रेक्षकाच्या विनोदासाठी होते. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील व्यंगपट विभागात अमेरिकेहून आलेले क्लेअर वीक्स आणि विभागाचे जी. के. गोखले यांच्या हातून १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ तयार झाला. गर्भवती हरिणीच्या जागी स्वतःची मान पुढे करणारा मृगराजा आणि त्यामुळे शिकारच सोडून देणारा मनुष्यराजा, ही जातककथा त्यांनी निवडली, आणि जीत कोणाचीही नाही, हार कोणाचीही नाही, असा शेवट पडद्यावर आला.

पण खरा टप्पा गाठला तो विजया मुळे यांनी. मुंबईत १९२१ मध्ये जन्मलेल्या, पाटण्यात फिल्म सोसायटीची चळवळ रुजविणाऱ्या या विदुषीने १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ हा सुमारे सात मिनिटांचा बोधपट केला. रेखाटनांना चालते केले भीमसेन यांनी, आणि त्याला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाऊ प्रश्न विचारतो, बहीण उत्तर देते, त्या उत्तरात एक गोष्ट निघते: जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासह उडतात, उंदीर जाळे कुरतडून त्यांना सोडवितात, पारधी रिकाम्या हाताने मागे राहतो. ही तीच हितोपदेशातील कथा, जी १८१५ मध्ये श्रीरामपूरला मराठी अक्षरांत छापली गेली होती. फरक असा की येथे तात्पर्य शेवटी दोरीने बांधलेले नाही. ते बहीणभावाच्या संभाषणात, पुन्हापुन्हा येणाऱ्या गाण्यात विरघळून गेले आहे, आणि मुलाला त्याचा भार न होता ते त्याच्या तोंडी बसते. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, ज्यात मध्यप्रदेशही होता, त्यासाठी मुलांचे कार्यक्रम सिद्ध करण्याची जबाबदारीही विजयाबाई जेथे काम करीत त्या शैक्षणिक केंद्रावर होती. आज मराठी चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

परदेशातील मालिकांकडे आता निकोप दृष्टीने पाहता येईल. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिटबीज’मध्ये एकच छोटा चित्रपट प्रत्येक भागात दोनदा दाखविला जाई, कारण पाहणाऱ्या मुलाला तो पुन्हा हवाच असतो. अमेरिकेतील १९९६ च्या ‘ब्लूज क्लूज’ने त्याहून धाडस केले: एकच भाग सलग पाच दिवस दाखविला, आणि मुलांचे लक्ष घटण्याऐवजी त्यांचा सहभाग व समज वाढते असे परीक्षणांत आढळले, शिवाय प्रश्न विचारल्यावर पात्र मुलाच्या उत्तरासाठी गप्प उभे राहते, हा संकेतही त्याच मालिकेने रूढ केला. हैदराबादच्या चित्रशाळेतून निघालेली २०१९ ची ‘मायटी लिटल भीम’ तर शब्दांवाचूनच चालते. हे प्रयत्न प्रामाणिक आहेत आणि त्यांच्या मागे मुलाविषयी खरा आदर आहे. ते परके म्हणून नाकारणे मूर्खपणाचे होईल. तथापि पडद्यावरचे पात्र ठरावीक क्षण थांबते आणि उत्तर मिळो न मिळो, पुढे चालू लागते. हुंकार बंद झाला हे त्याला कळत नाही. मूल घाबरले म्हणून तवा बाजूला सारणे त्याला जमत नाही. बाळाच्या जागी समोरच्या बाळाचे नाव घालणे त्याच्या अधिकारात नाही.

नानाखेड्यातील मराठी घरात यापलीकडे एक अडचण आहे. पडद्यावरची गोष्ट तेथे हिंदीत येते, शाळेची भाषा हिंदी किंवा इंग्रजी, अंगणातील खेळ हिंदीत. मराठी उरली आहे ती बहुधा जेवणाच्या पानावर आणि अंथरुणावर. जवळजवळ तीनशे वर्षे परमुलखात टिकलेल्या या भाषेला ग्रंथालयांनी आणि मंडळांनी जेवढा आधार दिला त्याहून अधिक आधार चिमणीच्या दाराने दिला असावा, अशी माझी दृढ समजूत आहे, कारण मूल भाषेवर प्रेम करू लागते ते वाचावयास येण्यापूर्वी. तेव्हा उज्जैन, इंदूर, देवास, ग्वाल्हेर येथील ज्या मराठी घरांत गोष्ट सांगणारी वृद्ध स्त्री आज हयात आहे, त्या घरच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी तिच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. मात्र तिला एकटीला खुर्चीवर बसवून त्या वदवून घेऊ नयेत. रात्री, नातवंड शेजारी असताना, त्याच्या हुंकारासकट घ्याव्यात, तिचे माळवी वळणाचे शब्द शुद्ध करू नयेत, प्रत्येक आवर्तन जसेच्या तसे राहू द्यावे, आणि कागदावर उतरविताना शेवटी तात्पर्य जोडू नये.